हृदयावरील शस्त्रक्रिया आणि वेळेचें मोल

मराठी भाषेनें धैर्याला छाती म्हटलें आहे आणि मायेला काळीज. अमक्याची छाती झाली नाहीं, तमकीचें काळीज तुटलें, असें घरोघर बोललें जातें. म्हणूनच कीं काय, नांदेड किंवा लातूर जिल्ह्यांतील एखाद्या घरांत डॉक्टरांनीं ‘छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल’ असें सांगितलें, म्हणजे त्या घरांतील सर्वांचीच छाती एकदम खचते. पोट उघडण्याची गोष्ट निघाली तर माणसें खर्चाचा विचार करूं लागतात. छाती उघडण्याची गोष्ट निघाली तर तीं देवाचा धांवा करूं लागतात. ही भीति अगदींच निराधार होती असें मात्र कोणी म्हणूं नये. प्रत्यक्ष शस्त्रवैद्यांनाही ती दीर्घकाळ वाटत होती. एकोणिसावें शतक संपत आलें तेव्हां पोट, सांधे आणि मस्तक यांवर शस्त्र चालूं लागलें होतें. छातीच्या पिंजऱ्याचें दार मात्र जवळजवळ बंदच होतें. तें कोणत्या अडचणींमुळें बंद होतें, कोणत्या युक्तीनें उघडलें, आणि उघडल्यानंतर रुग्ण बरा होणें न होणें कशावर अवलंबून असतें, हें समजलें तर भीति पुष्कळशी ओसरते आणि तिच्या जागीं सावधपणा येतो. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

पहिली अडचण श्वासाची होती. फुप्फुस हें स्वतःच्या बळानें फुगत नाहीं. रबरी फुग्याप्रमाणें तें सदैव आकसूं पाहतें. परंतु फुप्फुस आणि छातीची भिंत यांमधील पोकळींत बाहेरच्या हवेपेक्षां कमी दाब असतो, म्हणून तें ताणलेलें राहतें आणि बरगड्या वर उचलल्या कीं त्यांच्याबरोबर फुगतें. छातीला भोंक पडलें कीं बाहेरची हवा त्या पोकळींत शिरते, दाबांतील हा फरक नाहींसा होतो आणि फुप्फुस मिटून जातें. बैलानें शिंग खुपसलेल्या किंवा मोटारसायकलवरून पडून बरगड्या मोडलेल्या माणसास धाप कां लागते, याचें कारण पुष्कळदां हेंच असतें. शस्त्रवैद्यानें छाती उघडली तरी परिणाम तोच होणार. १९०४ सालीं झाउअरब्रुख या जर्मन शस्त्रवैद्यानें यावर एक विलक्षण उपाय योजला. त्यानें हवेचा दाब कमी केलेली एक बंद खोली तयार केली. रुग्णाचें धड आणि शस्त्रवैद्य खोलीच्या आंत, व रुग्णाचें डोकें खोलीच्या बाहेर! उपाय लागू पडला, परंतु तो फार अवजड होता. पुढें याच्या उलट आणि अधिक सोपी युक्ति रूढ झाली. श्वासनलिकेंत नळी घालून फुप्फुसांत आंतूनच दाबानें हवा भरावयाची, ही ती युक्ति होय. भूल देणारा डॉक्टर आज हेंच करतो. छाती उघडी असतांही फुप्फुस त्याच्या हातानें किंवा यंत्राच्या भात्यानें फुगत राहतें.

भुलीच्या या शास्त्राच्या इतिहासांत मराठवाड्याच्या जुन्या राजधानीस मानाचें स्थान आहे. नांदेड आणि लातूर हीं दोन्ही गांवें ज्या निजामी राज्यांत होतीं, त्याच्या राजधानींत, म्हणजे हैदराबादेस, १८८८ व १८८९ सालीं क्लोरोफॉर्मविषयीं दोन आयोग बसले. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रवर्तक. दुसऱ्या आयोगासाठीं लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर आले आणि खर्चाचा भार निजाम सरकारनें उचलला. प्रश्न असा होता कीं, क्लोरोफॉर्मच्या अतिरेकानें मृत्यु येतो तेव्हां आधीं श्वास थांबतो कीं आधीं हृदय? शेंकडों प्राण्यांवर प्रयोग करून आयोगानें निकाल दिला कीं, आधीं श्वास थांबतो. यास्तव भूल देणाऱ्यानें श्वासाकडेच लक्ष ठेवावें. परंतु १९११ सालीं लेव्ही या इंग्रज संशोधकानें दाखवून दिलें कीं, भूल हलकी असतांना क्लोरोफॉर्ममुळें हृदयाची लय एकाएकीं विस्कटून तें बंद पडूं शकतें. हैदराबादचा निकाल अर्धाच खरा ठरला. तथापि त्या वादांतून शस्त्रक्रियागृहाला एक कायमचा धडा मिळाला : एक नजर श्वासावर आणि दुसरी नाडीवर. आज टेबलाशेजारीं जो पडदा लुकलुकत असतो, तो या दोन्ही नजरांचें काम करीत असतो.

छातीच्या शस्त्रक्रियेंत युक्तीइतकेंच वेळेला महत्त्व असतें, याचा पुरावा पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मिळाला. १९१८ सालीं अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत फुप्फुसदाहाची सांथ पसरली आणि पुष्कळ सैनिकांच्या छातींत पू सांठूं लागला. पू दिसला कीं छाती उघडून तो काढावयाचा, अशी तत्कालीन रीत होती. आणि अशा रुग्णांपैकीं शंभरांत सुमारें तीस दगावत असत. याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळांत एव्हार्ट्स ग्रॅहम नांवाचे शस्त्रवैद्य होते. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आरंभीं पू पातळ असतो आणि फुप्फुस भोंवतालच्या भिंतीला चिकटलेलें नसतें. अशा वेळीं छाती उघडी टाकली तर फुप्फुस मिटतें आणि रुग्ण पुवानें नव्हे, तर उपचारानें मरतो. म्हणून आरंभीं छाती उघडी न करतां पू काढावा व तो दाट झाल्यावरच वाट मोठी करावी, असा नियम त्यांनीं घालून दिला. मृत्यूचें प्रमाण शंभरांत पांचांच्याही खालीं आलें. शस्त्र तेंच, हात तेच. बदलली ती केवळ वेळ.

त्या बंद पद्धतीचें साधन अतिशय साधें आहे. छातींत घातलेली एक नळी आणि तिचें दुसरें टोंक ज्या पाण्यांत बुडालेलें असतें ती एक बाटली. रुग्णानें श्वास सोडला किंवा तो खोकला कीं छातींतील हवा व पू बाहेर पडतो. परंतु टोंक पाण्याखालीं असल्यामुळें बाहेरची हवा आंत शिरूं शकत नाहीं. ही बाटली रुग्णाच्या छातीच्या पातळीपेक्षां सदैव खालीं असावी लागते. भेटीस आलेल्या नातलगानें झाडलोटीच्या निमित्तानें ती उचलून खाटेवर ठेवली, तर तेंच पाणी उलट छातींत जाण्याचा धोका असतो. रुग्णालयांत सोबतीस बसणाऱ्या प्रत्येक माणसानें एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

क्षयरोगाची हकीकत याहूनही बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत छातीचा शस्त्रवैद्य म्हणजे बहुतांशीं क्षयाचा शस्त्रवैद्य असे. रोगट फुप्फुसाला विश्रांति मिळावी म्हणून छातींत हवा भरून तें मिटविण्यांत येई. तेवढ्यानें भागलें नाहीं तर अनेक बरगड्या कापून छातीची ती बाजू कायमची बसविण्यांत येई. रुग्ण जगला तरी एका अंगानें वाकडा होई. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, त्यापाठोपाठ दुसरीं औषधें आलीं, आणि १९५६ पासून मद्रासेंत झालेल्या एका विख्यात अभ्यासानें सिद्ध केलें कीं, औषधें नियमानें घेतलीं तर दाटीवाटीच्या घरांत राहणारा गरीब रुग्णही आरोग्यधामांतील रुग्णाइतकाच बरा होतो. बरगड्या कापण्याची ती शस्त्रक्रिया जवळजवळ इतिहासजमा झाली. शस्त्रविद्येचा हा पराभव नव्हे. जी शस्त्रक्रिया टळली तिच्याइतकी यशस्वी शस्त्रक्रिया दुसरी नाहीं. मात्र औषधें अर्धवट सोडणाऱ्या रुग्णाचें फुप्फुस पोखरून जातें, आणि मग शस्त्राची पाळी आज देखील येते.

दुसरी अडचण हृदयाची होती आणि ती अधिक बिकट होती. मिनिटाला सुमारें सत्तर, म्हणजे दिवसाला एक लाख ठोके देणारें हें इंद्रिय थांबवावें तर रुग्ण मरतो आणि न थांबवावें तर हातांत ठरत नाहीं. १८९६ सालच्या सप्टेंबरांत फ्रँकफर्ट येथें लुडविग रेन यांनीं भोसकलेल्या एका तरुणाच्या धडधडत्या हृदयावर टांके घातले आणि तो वांचला. हृदयाला सुई लागली तरी तें बंद पडत नाहीं, एवढें त्या दिवशीं सिद्ध झालें. पुढचें पाऊल पडण्यास बेचाळीस वर्षें लागलीं. गर्भांत असतांना बालकाच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक वाट असते. जन्मानंतर ती आपोआप मिटावयाची, ती कांहीं मुलांत उघडीच राहते. २६ ऑगस्ट १९३८ रोजीं बोस्टन येथें रॉबर्ट ग्रॉस यांनीं सात वर्षांच्या एका मुलीची ती वाट रेशमी दोऱ्यानें बांधून टाकली. ती मुलगी बरी झाली आणि वृद्धापकाळापर्यंत जगली.

दुसऱ्या एका जन्मजात विकारांत मुलाचे ओंठ व नखें निळीं पडतात. असें मूल चार पावलें धांवलें कीं मध्येंच उकिडवें बसतें, कारण तसें बसल्यानें फुप्फुसाकडे थोडें अधिक रक्त जातें. शाळेच्या पटांगणावर उकिडवें बसणारें मूल आळशी नसतें. तें आपल्या परीनें स्वतःवर उपचार करीत असतें. हेलन टॉसिग या बालरोगतज्ज्ञ विदुषीच्या सूचनेवरून आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनीं २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं बाल्टिमोर येथें अशा बालकाच्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीस जोडली. त्यांच्या पाठीशीं स्टुलावर उभा राहून एक कृष्णवर्णीय गृहस्थ टांक्यांविषयीं सूचना देत होता. त्याचें नांव व्हिव्हियन थॉमस. तो सुताराचा मुलगा. डॉक्टर होण्यासाठीं सांठविलेले पैसे बँक बुडाल्यामुळें गेले आणि शिक्षण राहिलें. परंतु ही शस्त्रक्रिया प्रयोगशाळेंत कुत्र्यांवर शेंकडों वेळां करून पाहिली ती त्यानेंच. विद्यापीठानें त्याला सन्माननीय पदवी दिली ती १९७६ सालीं.

हृदयाच्या आंत हात घालण्याचें धाडस १९४८ सालीं पुरें झालें. सांधेतापानें ज्या झडपा चिकटतात, त्यांतील डावीकडची झडप फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेली यांनीं बोटानें मोकळी केली. त्यांचे पहिले चारही रुग्ण दगावले होते. चौथा १० जून रोजीं सकाळीं गेला आणि पांचव्या रुग्णावर त्याच दिवशीं दुपारीं दुसऱ्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया होऊन ती यशस्वी झाली. अशा शस्त्रक्रियेंत डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. वाहत्या रक्तांत बोट हाच डोळा. हृदय उघडून डोळ्यांनीं पाहावयाचें, तर तेवढा वेळ दुसऱ्या कोणीतरी रुग्णाचें रक्त खेळतें ठेवणें अवश्य होतें. १९५४ सालीं मिनेसोटांत लिलेहाय यांनीं हें काम प्रत्यक्ष पित्यावर किंवा मातेवर सोंपविलें. मुलाच्या आणि पालकाच्या रक्तवाहिन्या नळ्यांनीं जोडल्या, आणि मुलाचें हृदय उघडें असेपर्यंत पालकाचें हृदय दोघांसाठीं चाललें. अशा पंचेचाळीस शस्त्रक्रिया झाल्या. त्याच्या आदल्या वर्षीं, ६ मे १९५३ रोजीं, जॉन गिबन यांनीं यंत्राच्या साहाय्यानें अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयांतील छिद्र बुजविलें होतें. तेंच यंत्र सुधारून पुढें सर्वत्र रूढ झालें. शरीरांतून परत येणारें काळसर रक्त नळीनें बाहेर काढावयाचें, त्यांत प्राणवायु मिसळावयाचा, आणि पंपानें तें पुनः मुख्य रोहिणींत सोडावयाचें, हें त्या यंत्राचें कार्य. रक्त नळ्यांत गोठूं नये म्हणून एक औषध आधीं देतात व त्याचा उतारा शेवटीं देतात. हृदयाला थंड द्रावण पाजून शांत करतात; त्यांतील पोटॅशियममुळें तें थांबतें, थंडीमुळें त्याची भूक कमी होते, आणि काम संपल्यावर रक्त मिळतांच तें बहुधा आपण होऊन चालूं लागतें.

महाराष्ट्रांत या विद्येचा पाया घालणाऱ्यांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन अग्रगण्य होत. दक्षिण आफ्रिकेंत बर्नार्ड यांनीं ३ डिसेंबर १९६७ रोजीं पहिलें हृदयारोपण केलें. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आंत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं, डॉ. सेन यांनीं के. ई. एम. मध्यें भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. रुग्ण कांहीं तासच जगला. हातांत कौशल्य नव्हतें म्हणून नव्हे. परक्याचें इंद्रिय शरीरानें स्वीकारावें यासाठीं लागणारीं औषधें आणि मेंदूच्या मृत्यूला मान्यता देणारा कायदा, या दोहोंची वेळ अद्याप आली नव्हती. कायदा १९९४ सालीं झाला आणि त्याच वर्षीं दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांनीं पहिलें यशस्वी आरोपण केलें. मुंबईंत तसा योग यावयास २०१५ साल उजाडलें. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें पुण्यांतील एका दात्या स्त्रीचें हृदय मुंबईस नेऊन बसविण्यांत आलें.

आतां नित्याच्या शस्त्रक्रियांकडे वळूं या. पडद्यांतील छिद्र ठिगळ लावून बुजवितात. कांहीं छिद्रें तर छाती न उघडतां मांडींतील रक्तवाहिनीवाटे बंद करतां येतात. खराब झालेली झडप शक्य तर दुरुस्त करतात, न पेक्षां बदलतात. बदलावयाची झाली तर घरच्यांपुढें एक पेंच उभा राहतो. धातूची झडप पुष्कळ वर्षें टिकते. परंतु तिच्यावर रक्त गोठूं नये म्हणून रोज एक गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि वारंवार रक्त तपासावें लागतें. गोळी चुकली तर झडप अडकते, अधिक झाली तर रक्तस्राव होतो. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला ही गोळी बहुधा कायमची लागत नाहीं; परंतु ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि तरुण वयांत अधिक लवकर. ज्या विवाहितेला पुढें मूल व्हावें अशी इच्छा आहे, तिच्या बाबतींत तर ही निवड फारच जोखमीची, कारण ती गोळी गर्भाला अपायकारक असते. शस्त्रक्रियेपूर्वीं हा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोचपणें विचारावा. आणि तो विचारतांना ती स्त्री स्वतः तेथें असावी. केवळ सासरा आणि दीर यांनीं ठरविण्याची ही गोष्ट नव्हे. धातूची झडप पूर्वीं परदेशांतूनच येई व ती फार महाग पडे. डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखालीं तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेनें बनविलेली झडप १९९० सालच्या डिसेंबरांत प्रथम बसविली गेली, आणि आज ती लाखाहून अधिक रुग्णांच्या हृदयांत आहे.

प्रौढांची बायपास शस्त्रक्रिया अर्जेंटिनाच्या रेने फाव्हालोरो यांनीं १९६७ सालीं अमेरिकेंत नांवारूपाला आणली. त्यापूर्वीं हा गृहस्थ आपल्या देशांतील एका आडगांवीं बारा वर्षें खेड्यांतला डॉक्टर होता! हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी जेथें तुंबते, त्याच्या पुढें पायांतील शीर किंवा छातीच्या आंतील रोहिणी जोडून रक्ताला आडवाट करून देणें, एवढाच या नांवाचा अर्थ. दोन्ही जोडांत फरक आहे. छातींतील रोहिणीचा जोड दहा वर्षांनंतरही शंभरांत नव्वदांच्या आसपास रुग्णांत खुला असतो. पायांतील शिरेचे जोड तेवढ्या काळांत पुष्कळसे बंद झालेले असतात. जो रुग्ण विडी-तंबाखू सोडत नाहीं व मधुमेहाकडे दुर्लक्ष करतो, त्याचे ते आणखी लवकर बंद पडतात. म्हणजे शस्त्रक्रियेचें निम्मे यश टेबलावर ठरतें आणि निम्मे घरीं गेल्यावर.

युक्ति, साधनें आणि कौशल्य यांची हकीकत येथवर झाली. मराठवाड्यापुरता खरा प्रश्न निराळाच आहे; तो अंतराचा आहे. नांदेडहून मुंबई पावणेसहाशें किलोमीटरांच्या घरांत, हैदराबाद पावणेतीनशेंच्या. जुन्या काळीं नांदेडच्या अवघड रुग्णानें हैदराबादेची वाट धरावी, हाच रिवाज होता. लातुरांत १९६६ सालीं डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं विवेकानंद रुग्णालय उभारलें. अंबाजोगाईस १९७४ सालीं ग्रामीण भागासाठीं म्हणून वैद्यकीय महाविद्यालय निघालें. नांदेडास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालीं आणि लातुरास २००२ सालीं झालें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या जाड भिंती झोंपलेल्या माणसांवर कोसळल्या, तेव्हां जवळ रुग्णालय असणें म्हणजे काय, हें या भागाला जितकें कळलें तितकें क्वचितच कोणाला कळलें असेल. आज दोन्ही शहरांत हृदयाची इको आणि अँजिओग्राफी होते. पैशाची अडचणही पूर्वींइतकी दुस्तर राहिलेली नाहीं. १९९७ सालीं राज्यांत जीवनदायी आरोग्य योजना आली. २०१२ सालीं तिचें नवें रूप ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत लागू झालें त्यांत नांदेड होतें. पुढल्या वर्षीं तें सर्व राज्यांत गेलें, आणि २०१७ पासून त्यास महात्मा जोतिबा फुले यांचें नांव आहे. हृदयाच्या व छातीच्या शस्त्रक्रिया या योजनेंत येतात. २०१३ पासून अंगणवाड्या व सरकारी शाळा यांतील मुलांची छाती तपासण्यासाठीं डॉक्टर गांवांत येतात.

मग मुलें उशिरां कां पोंचतात? हजार नवजात बालकांमागें आठ-नऊ बालकें हृदयाचा कांहींना कांहीं दोष घेऊन येतात. त्यांतलीं मोठीं छिद्रें वेळीं बुजविलीं तर मूल चारचौघांसारखें वाढतें. न बुजविलीं तर जादा रक्ताच्या माऱ्यानें फुप्फुसांतील बारीक वाहिन्या जाड व ताठ होत जातात, दाब वाढतो, आणि एक दिवस प्रवाहच उलटतो. त्यानंतर छिद्र बुजविणें म्हणजे मृत्यूला आमंत्रण. जो उपाय दोन वर्षांच्या वयांत प्राण वांचवितो, तोच चौदाव्या वर्षीं प्राण घेतो. ‘जरा मोठी होऊं द्या, मग पाहूं’ या वाक्यानें किती मुलींची ही वेळ दवडली असेल, याचा विचार प्रत्येक घरानें मनाशीं करावा. मुलगी असा शब्द येथें मुद्दाम वापरला आहे. मुलाच्या शस्त्रक्रियेसाठीं शेत गहाण पडतें. मुलीच्या वेळीं छातीवर व्रण राहील, लग्न अडेल, लोक विचारतील, अशा शंका निघतात आणि वर्षें जातात. व्रण तिच्या छातीवर राहील हें खरें. परंतु तो व्रण जिच्या छातीवर आहे ती जिवंत आहे, हें त्याहून खरें.

आणि ज्या दोषांसह मूल जन्मत नाहीं, ते टाळतांही येतात. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा धरतो, ताप येतो, आणि दोन-तीन आठवड्यांनीं एक सांधा सुजतो, तो बरा होऊन दुसरा सुजतो. हा सांधेताप सांध्यांना सोडून देतो, परंतु हृदयाच्या झडपांना धरून ठेवतो. घशाच्या दुखण्यावर वेळीं दिलेलें पेनिसिलीन हा ताप टाळतें. आणि ताप एकदां येऊन गेला असेल तर दर तीन आठवड्यांनीं घ्यावयाचें पेनिसिलीनचें इंजेक्शन पुढची हानि रोखतें. तें वर्षानुवर्षें, डॉक्टर सांगतील तोंपर्यंत, घ्यावें लागतें. हंगामाच्या गडबडींत, ऊसतोडीच्या स्थलांतरांत, लग्नसराईंत तें चुकतें, आणि दहा-वीस वर्षांनीं तीच चूक मुंबईच्या शस्त्रक्रियागृहांत दुरुस्त करावी लागते. मोठ्यांच्या बाबतींतही हिशेब हाच. छातींत कळ येऊन घाम सुटला तर हृदयाचा स्नायु मिनिटामिनिटाला मरत असतो; वाहिनी मोकळी करण्याचा खरा लाभ पहिल्या कांहीं तासांत. ‘वायु धरला असेल’ म्हणून ओवा चावीत रात्र काढणाऱ्यानें त्या रात्रींतच अर्धें हृदय गमावलेलें असतें. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, ती बोलवावी.

छातीचें दार आतां उघडें आहे. रेनच्या सुईपासून आजच्या यंत्रापर्यंत ज्यांनीं तें उघडलें, त्यांत नामांकित होते, पदवीवांचून राहिलेले होते, आणि खेड्यांतून आलेलेही होते. त्यांनीं एका पिढीच्या हयातींत अशक्य तें नित्याचें करून दाखविलें. एक गोष्ट मात्र त्यांच्या हातीं नव्हती व नाहीं : त्या दारापर्यंत रुग्णाला केव्हां आणावयाचें ती. ती गोष्ट आईच्या, शिक्षकाच्या, शेजाऱ्याच्या हातीं आहे. धांवतां धांवतां उकिडवें बसणारें मूल, दूध पितांना घामाघूम होणारें तान्हें, घसा दुखून सांधे धरणारी मुलगी, हीं दृष्टीस पडल्याबरोबर पुढच्या आठवड्याची वाट न पाहतां जवळच्या डॉक्टरास दाखवावीं. मराठीनें धैर्याला छाती म्हटलें आहे. तें धैर्य शस्त्रवैद्यानें दाखवावयाचें तें तो दाखवीलच. घरानें दाखवावयाचें धैर्य एवढेंच कीं, पाहूं, थांबूं असें न म्हणतां वेळेवर उंबरठा ओलांडावा.